बुटीकसाठी मॉडेलिंग सुरू करायचंय? आधी कपडा दिसू द्या

माझ्या पहिल्या शूटचे फोटो बुटीकच्या मालकीणबाईंनी एकेक करून शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "तू छान दिसतेस गं, पण या ड्रेसला खिसे आहेत, ते कुठायत?" बत्तीस फोटो होते, एकातही खिसा नव्हता. मी कपड्यांविषयी लिहिणारी, खिसे असलेल्या ड्रेससाठी बायका किती शोधाशोध करतात हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा माझं सगळं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे होतं. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून आहे, आणि नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकीला तीच सांगते: गिऱ्हाईक तो कपडा हातात न घेता विकत घेणार आहे. तिला जे हाताला कळलं असतं, ते तुमच्या फोटोतून डोळ्यांना कळायला हवं.

सुरुवात स्वतःच्या कपाटापासून करा. वेगवेगळ्या स्वभावाचे चार कपडे काढा: एक ताठ कापडाचा, एक झुळझुळीत, एक विणलेला आणि एक काळा. प्रत्येकाचे समोरून, बाजूने, पाठमोरे, चालताना आणि अगदी जवळून असे फोटो घ्या. पाठमोरा फोटो बहुतेक जणी विसरतात, पण चेन कुठे आहे, मागचा गळा किती खोल आहे, हे बघितल्याशिवाय पुष्कळ बायका कपडा घेतच नाहीत. उरेब कापाचा स्कर्ट असेल तर तो चालतानाच दाखवा. तिरका कापलेला असल्यामुळे तो अंगासरशी वळतो, आणि नुसतं उभं राहिलं की ते सगळं हरवतं.

उजेडासाठी खिडकी पुरते, फक्त ऊन थेट अंगावर नको. खोलीतले दिवे आठवणीने बंद करा. दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्विनच्या आसपास असतो, तर पिवळा दिवा 2700च्या. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत, मग एक बाही निळसर दिसते आणि दुसरी पिवळट. रंग चुकला की कपडा परत येतो, आणि त्याचा भुर्दंड दुकानाला बसतो. काळा कपडा फोटोत राखाडी दिसतो आणि पांढरा मळका, कारण कॅमेरा प्रत्येक दृश्य मधल्या छटेकडे ओढायला बघतो. म्हणून काळ्याला उजेड थोडा उतरवायचा, पांढऱ्याला थोडा चढवायचा. फोनच्या पडद्यावर कपड्यावर बोट टेकवलं की उजेड कमी-जास्त करायची पट्टी समोर येते. बारीक रेघांच्या शर्टावर कधीकधी पाण्यासारख्या लाटा उठतात. त्या कापडात नसतात, रेघा आणि सेन्सरचे ठिपके एकमेकांत अडकल्यामुळे दिसतात. दोन पावलं पुढे-मागे झालं की जातात.

फोन कंबरेच्या उंचीवर ठेवा आणि अडीच-तीन मीटर लांब उभ्या राहा. वरून घेतलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात आणि झग्याचा घेर खोटा वाटतो. रुंद लेन्स तर टाळाच, ती कडेच्या गोष्टी ताणते.

आता मापं. छाती, कंबर, नितंब आणि उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा, आणि खरं लिहा. माझी उंची 157 सेंटीमीटर आहे. सुरुवातीला मला ती अडचण वाटायची. पुढे लक्षात आलं, की माझ्या अंगावर तो ड्रेस नेमका कुठपर्यंत येतो हेच माझ्या उंचीच्या बायकांना हवं असतं. लहान दुकानाला आपल्या गिऱ्हाइकासारखं दिसणारं माणूस हवं असतं. तुमचं शरीर कसंही असो, त्या मापाचं कोणीतरी ते दुकान शोधत असतंच.

विचारायला जाताना ज्या दुकानातून तुम्ही स्वतः काहीतरी घेतलंय आणि वापरलंय, तिथेच आधी जा. गर्दीच्या वेळी नको. त्याआधी चार ओळींचा निरोप पाठवा. माझा असा असायचा: "तुमच्याकडून घेतलेला निळा शर्ट गेले सहा महिने वापरतेय. त्याचे मी काढलेले तीन फोटो सोबत जोडलेत. नव्या मालातल्या दोन कपड्यांचे असे फोटो करून द्यायला आवडेल. माझी मापं खाली देतेय." किती लोक मला वाचतात हा आकडा मी शेवटी लिहायची, कारण दुकानदाराची नजर आधी आपल्या शर्टावर जाते. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा विचारा आणि मग सोडून द्या. आणि काम देण्यासाठी जो तुमच्याकडेच नोंदणीचे पैसे मागतो, त्याच्याकडे अजिबात जाऊ नका. पहिल्या वेळी सोबत कुणाला तरी घेऊन जा, आणि कपडे बदलायची जागा बंद होणारी आहे ना, हे आधीच विचारा. असं विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

शूटच्या पिशवीत त्वचेच्या रंगाचे, शिवण न दिसणारे आतले कपडे हवेत. एक पातळ स्कार्फही ठेवा. कपडा डोक्यातून घालताना हा स्कार्फ चेहऱ्यावर टाकला की मेकअप कपड्याच्या गळ्याला लागत नाही. बुटांच्या तळव्यांना कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे नवे बूट नवेच राहतात. साटिनला टाचणी लावायची वेळ आलीच तर ती शिवणीत लावा, मधे कापडाला पडलेलं भोक बुजत नाही. पाठीमागे चिमटे लावून कपडा घट्ट दाखवायची पद्धत सगळीकडे आहे. मी ते करत नाही. कंबरेत सैल असेल तर सैल दिसू दे आणि तसं लिहू दे. चिमट्यांनी बसवलेला कपडा घरी गेल्यावर गिऱ्हाइकाच्या अंगावर तसा बसणार नाही, आणि तिला वाटेल की दोष तिच्या शरीराचा आहे.

बोलणी झाली की सगळं लेखी घ्या, साध्या निरोपात का होईना. हे मी फटका खाऊन शिकले. एका दुकानासाठी मी एका जॅकेटचे फोटो दिले होते. दीड वर्षाने माझा तोच फोटो, कमर बारीक करून, भलत्याच मालाच्या जाहिरातीत दिसला. मला फार लागलं ते. तेव्हापासून मी आधीच लिहून घेते: फोटो कुठे वापरणार, किती महिने, शरीरात फेरफार करायचा नाही, आणि कपड्याला डाग पडला तर खर्च कुणाचा. फोटो दुसऱ्याने काढले असतील तर त्यांचा हक्क काढणाऱ्याचा असू शकतो, म्हणून त्यालाही या बोलण्यात घ्या. पहिल्या एक-दोन कामांना मोबदल्यात कपडा घेतला तरी चालेल. त्यानंतर मानधन मागा. दिवसभर उभं राहणं, फोटो निवडणं, लिहिणं, हे सगळं कामच आहे.

कपडा फुकट मिळाला असेल किंवा पैसे घेतले असतील, तर वाचणाऱ्यांना तसं स्पष्ट सांगा. इन्स्टाग्रामवर पेड पार्टनरशिपचं लेबल त्यासाठीच आहे, आणि अनेक देशांत हे सांगणं बंधनकारकही आहे.

फोटो देताना पोस्टसाठी 1080 बाय 1350 आणि रीलसाठी 1080 बाय 1920 पिक्सेल असे तयार करून द्या, आणि प्रत्येक फाइलला कपड्याचं नाव. सोबत मी एक छोटं टिपण देते: दहा मिनिटं बसल्यावर लिननला किती सुरकुत्या पडल्या, हात वर करताना मुंढ्यात कुठे ओढ बसली, अस्तर कुठपर्यंत आहे. एका शर्टाबद्दल मी लिहिलं होतं, की बसलं की तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मधे फट पडते. पुढच्या खेपेला गेले, तर शिवणाऱ्या ताई नव्या शर्टांना तिथे एक बटण वाढवत होत्या.