गाडी पिकअप घेत नाही: गॅरेजात नव्यानं आलेल्यांसाठी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून पोरं साताऱ्यातल्या गॅरेजांत येतात, तेव्हा त्यांना इंजिन खोलता येतं, ब्रेक बसवता येतात. अडतात ती गिऱ्हाइकाच्या एका वाक्यापाशी: "मिस्त्री, गाडी ओढत नाही बघा." या वाक्यामागे निदान तीन निरनिराळे दोष असू शकतात. ते वेगळे केल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा माझ्याकडचा नियम आहे.

म्हणून आधी विचारायचं, एक्सलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो का? आवाज चढतोय, आरपीएमचा काटा वर पळतोय आणि गाडी मात्र रेंगाळतेय, तर क्लचप्लेट घसरतेय. इंजिनकडे बघूसुद्धा नका. यवतेश्वरच्या घाटात वरच्या गिअरवर पूर्ण पाय दिला की लगेच कळतं, वर जळका वासही येतो. (कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी तिकडं ट्रायल मारायला जाऊ नका. त्या गर्दीत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही.)

आवाजच उशिरा चढत असेल, म्हणजे पाय दिला, क्षणभर काहीच नाही आणि मग गाडी एकदम उचलते, तर खरं काम इथं सुरू होतं. आजच्या बहुतेक गाड्यांत एक्सलरेटरची केबल नसते. पेडलपाशी सेन्सर असतो, तो ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सांगतो आणि मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडतो. स्कॅनर लावून लाइव्ह डेटात पेडलची टक्केवारी बघा. पाय सावकाश दाबला की आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर किंवा त्याचं कनेक्टर बघायचं. तिथं ठीक असेल तर एअर फिल्टर काढा. पावसाळ्यानंतर शेतवस्तीवरच्या गाड्यांत फिल्टरच्या डब्यात उंदरानं संसार मांडलेला सापडतो, हसू नका. मग थ्रॉटल बॉडीतला कार्बन. तो पुसताना फुलपाखरू (आतली फिरती चकती) बोटानं जबरदस्तीनं फिरवू नका, आणि साफ केल्यावर आयडल रीलर्न (रिकाम्या चालीचं सेटिंग ईसीएमला पुन्हा शिकवणं) करायचं विसरू नका. आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरची तार फार नाजूक असते. त्याला त्याचाच क्लीनर वापरायचा, कापड लावायचं नाही. पेट्रोल गाडी झटके मारत असेल तर प्लग आणि कॉइल, आणि चढालाच दमत असेल तर फ्युएल प्रेशर.

डिझेल गाडीत मात्र माझा पहिला संशय टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) होस पाईपवर असतो. चीर बहुधा खालच्या बाजूला असते. इंजिन आयडलला असताना ती मिटलेली राहते आणि दाब आला की उघडते, त्यामुळे उभ्या गाडीत नुसतं वरून बघून काही दिसत नाही. पाईपवर तेलकट धूळ साचली असेल, पाय दिल्यावर फुस्स आवाज आणि मागून काळा धूर असेल, तर क्लिपा सोडून पाईप बाहेर काढा आणि हातानं वाकवून बघा.

इथं साताऱ्याची एक गोष्ट लक्षात ठेवा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, म्हणून इथं हवेचा दाबच कमी. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) १०० किलोपास्कल दाखवणार नाही, ९३ च्या आसपास दाखवेल. तो आकडा बघून सेन्सर बदलायला निघू नका. चढाला पूर्ण पाय दिल्यावर बऱ्याच टर्बो डिझेल गाड्यांत हाच आकडा दुपटीच्या जवळ जातो. ११०-१२० वर अडकला तर हवा गळतेय, नाहीतर टर्बोचा ॲक्च्युएटर (त्याचा दाब कमीजास्त करणारा भाग) किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी काम करत नाही.

अशा वेळी स्कॅनरवर बहुतेकदा पी०२९९ कोड येतो. त्याचा अर्थ दाब कमी पडतोय इतकाच. टर्बो बदला, असं तो सांगत नाही. कोड वाचून थेट महागडा पार्ट मागवणारा मेकॅनिक मला कामाला नको.

तिसरा प्रकार म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जातच नाही. हा लिम्प मोड, म्हणजे इंजिन जपायला ईसीएमनं ताकद कमी केलेली असते. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी रोज फक्त शहरात, पोवई नाका ते राजवाडा फिरत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीनं भरलेला असण्याची दाट शक्यता. काजळी मर्यादेत असेल तर हायवेला एका चालीनं गाडी पळवली की ती जळून जाते. जास्त साचली असेल तर स्कॅनरवरून रीजनरेशन, म्हणजे काजळी मुद्दाम जाळणं, करावं लागतं.

काही तक्रारींत दोष नसतोच. छोटी पेट्रोल गाडी, आत पाच माणसं, एसी चालू आणि महाबळेश्वर, सुमारे १,३५० मीटर उंची. बिनटर्बोच्या इंजिनची ताकद तिथं समुद्रकिनाऱ्याच्या मानानं दहा-पंधरा टक्के कमीच असते. एएमटीचा (आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचा) गिअर बदलतानाचा थांबाही मूळचाच. तो अलीकडे वाढला असेल तरच क्लच बघायचा. हे गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगा आणि नुसत्या तपासणीचे पैसे घ्या, संकोच करू नका.

काम झाल्यावर कोड पुसून मालकाला शेजारी बसवा आणि तक्रार जिथं होती त्याच रस्त्यावर ट्रायल मारा. काढलेला जुना पार्ट डिकीत ठेवून द्या, मालक तो मागतोच.