भामरागडला आरोग्यसेवेसाठी निघण्यापूर्वी

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात माडिया आदिवासींच्या गावांत काही दिवस सेवा देण्यासाठी जाणाऱ्या डॉक्टरांनी खोकी भरण्याआधी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करावा. कोणती औषधे तिथे बारमाही मिळतात हे विचारून शक्यतो तीच न्यावीत, कारण शिबिरात सुरू केलेली रक्तदाबाची गोळी पुढे केंद्रात मिळणार नसेल तर रुग्ण ती सोडून देतो, आणि फिटची गोळी अशी अचानक बंद झाली तर झटके उलट वाढतात. कंपन्यांकडून नमुन्यादाखल आलेली निरनिराळ्या नावांची पाकिटे घरीच राहिलेली बरी. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि वैद्यक परिषदेच्या नोंदणीची प्रत सोबत असावी.

गडचिरोलीत कोणत्याही तापात हिवतापाचा विचार आधी करावा लागतो. फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे हिवतापाचे दोन्ही प्रकार ओळखणारी रॅपिड (झटपट तपासणीची) किट घ्यावीत, मात्र ती उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नयेत. व्हायवॅक्ससाठी प्रायमाक्विन १४ दिवस द्यावे लागते. जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात, म्हणून लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच यायचे, हे दुभाष्याकडून नीट वदवून घ्यावे. गरोदर स्त्रियांना ते देऊच नये. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी चाचणी नेणार असाल, तर ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही हे विसरू नये. पुढील तपासणी होईपर्यंत कोणालाही ‘तुम्हाला आजार आहे’ असे सांगू नये.

सर्पदंशाची प्रतिलस नेणे पुरेसे नाही. सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात, आणि रिॲक्शन आलीच तर ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी हवे. रक्त गोठते का हे पाहण्याच्या २० मिनिटांच्या चाचणीसाठी नव्या, कोरड्या काचेच्या नळ्याच घ्याव्यात, कारण साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचेही रक्त न गोठण्याची शक्यता असते आणि नसलेल्या विषावर औषध सुरू होते. कुपोषण ओळखण्यासाठी मुलांच्या दंडाचा घेर मोजण्याची पट्टी आणि लहान मुलांचा बी. पी. कफ हटकून राहून जातो.

दुभाषी म्हणून माडिया बोलणारी आशाताई मिळाली तर उत्तम. पुण्या-मुंबईच्या मराठीवर भिस्त ठेवू नये, आणि स्त्रियांच्या तपासणीला पुरुष दुभाषी तर मुळीच नको. आधी उपचारासाठी गावच्या पुजाऱ्याकडे जाऊन आलेल्या रुग्णाला त्यावरून बोल लावल्यास तो पुढच्या वेळी काही सांगणार नाही. रोजच्या नोंदवहीची एक प्रत केंद्रात देण्याची व्यवस्था आधीच ठरवावी.

शेवटी पैशांचा हिशेब. गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरहून दूर आहे. तिकडे पाठवलेला रुग्ण जात नाही तो बहुतेकदा भीतीपोटी नव्हे, तर सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते म्हणून. त्यामुळे नातेवाइकाचे जेवण आणि दोघांचे परतीचे भाडे यांची तरतूद औषधांच्या खर्चातच धरावी.