नाना शंकरशेटांवर पाच मिनिटांचं भाषण कसं बसवावं

जानेवारी सरत आला की एखादी आई दारात उभी. "बाई, दहा फेब्रुवारीला नानांची जयंती आहे, भाषण लिहून द्या ना." मी लिहून देत नाही, बसवून घेते.

आधी "आधुनिक मुंबईचे शिल्पकार" हे शब्द खोडा. निम्मी मुलं तिथूनच सुरू करतात आणि परीक्षक चहाचा कप ओढून घेतात. सुरुवात पैशापासून करा. घराणं मूळचं मुरबाडचं, आडनाव मुरकुटे. जन्म 1803. वडील 1822 मध्ये गेले आणि एकोणिसाव्या वर्षी जगन्नाथच्या, म्हणजे आपल्या नानांच्या, अंगावर सगळा व्यापार पडला. पुढे त्याची पत अशी वाढली की अरब, अफगाण व्यापारी बँक सोडून नानांकडे रोकड ठेवायचे. इथे मुलाला थांबवा. हातात नाण्यांची जड पिशवी आहे असं समजून ती टेबलावर ठेवायची, हात काढून घ्यायचा, दोन सेकंद गप्प. माझ्या मुलांना टाळ्या इथेच मिळतात.

मग प्रश्न टाकायचा: गोरे साहेब या माणसाचं का ऐकत? शहराचा पैसा ज्याच्या शब्दावर फिरतो, त्याला दारातून परत कसं पाठवणार! हा सांधा जुळला की पुढचं पाठ करावं लागत नाही. 1845 मध्ये पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाईंबरोबर रेल्वेसाठी खटपट, पुढे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं संचालकपद. 26 ऑगस्ट 1852 ला बॉम्बे असोसिएशन निघाली, अध्यक्ष नाना. हिंदी लोकांची गाऱ्हाणी तिने अर्ज करून थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडली. 1862 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर नेमणूक. सनावळ्या एवढ्याच, चौथी घातलीत की मूल अडखळतं. मुलींच्या शाळेला गिरगावच्या वाड्यात जागा दिली, हे मात्र मुलीच्या तोंडून म्हणवून घ्या, फार शोभतं.

एक चूक माझ्या हातून झालेली. आमचा एक पोरगा ठणकावून म्हणाला, "16 एप्रिल 1853 ला नाना सीएसएमटीहून ठाण्याला निघाले." कागद मीच तपासला होता! ती इमारत पुढे पंचवीस वर्षांनी बांधायला घेतली. बोरीबंदर म्हणायचं. दोन गुण गेले, पोरगा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

शेवट कवितेवर नको. नानांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकला मानाची. 1912 मध्ये ती मिळाली चिंतामण देशमुखांना, आणि तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. एवढं बोलून, मघाच्या पिशवीकडे एकदा बघायचं, नमस्कार करायचा आणि घंटा वाजायच्या आत खाली उतरायचं.