मेल आहे, जोडपत्र कुठाय? बांधकाम कंपनीच्या कॉन्ट्रॅक्ट-बिलिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मेल कसा लिहायचा, सीसीत कोण हवं, हे तुम्ही पहिल्या महिन्यात शिकालच. आलेल्या मेलचं पुढे काय करायचं, हे मात्र कोणी बसवून शिकवत नाही. एक्स्ट्रा आयटम (करारात नसलेलं जादा काम) किंवा मुदतवाढीचा दावा मांडायची वेळ आली, की साइटवर घाम गाळलेल्या कामाची बाजू हेच मेल आणि त्यांच्यासोबतचे कागद मांडतात.

बहुतेक जण माणसांच्या नावाने फोल्डर करतात: क्लायंट, पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट), आर्किटेक्ट. माझं मत स्पष्ट आहे, फोल्डर कामाच्या मुद्द्याचा हवा. तळघराच्या रिटेनिंग वॉलबद्दलचा प्रश्न, कन्सल्टंटचं उत्तर, सुधारित ड्रॉइंग, मोजमापाचा तक्ता आणि आरए बिलाचं (रनिंग अकाउंट, म्हणजे कामाच्या टप्प्याचं बिल) पान एका जागी असलं पाहिजे. मेल आउटलुकमध्ये आणि कागद सर्व्हरवर राहिले, तर दोन वर्षांनी त्यांचा संबंध जोडणारा माणूस कंपनीत असेलच असं नाही. 'सर्च आहे की, फोल्डर कशाला?' म्हणणारे सीनियर भेटतील. ते स्वतः त्या प्रकल्पावर होते, म्हणून त्यांना काय शोधायचं ते ठाऊक असतं. तुमच्यानंतर येणाऱ्याला ते ठाऊक नसेल.

आता ज्या गोष्टीने मला अडकवलं, ती सविस्तर सांगतो. एका प्रकल्पात सुधारित ड्रॉइंगमुळे कॉलमचं स्टील वाढलं आणि आम्ही वाढीव रक्कम मागितली. ड्रॉइंगच्या कोणत्या रिव्हिजनप्रमाणे, असं पीएमसीने विचारलं. मेल लगेच सापडला, त्यावर तारीख होती, 'सोबत आर-२ जोडलं आहे' असं स्वच्छ लिहिलेलं होतं (आर-२ म्हणजे दुसरं रिव्हिजन). पण जोडपत्र नव्हतंच, होती ती लिंक. पाठवणारा डिझायनर तोवर नोकरी सोडून गेलेला, त्याचं खातं बंद, लिंक उघडेना. सर्व्हरवर थेट आर-३ होतं. दाव्याचा मोठा भाग सोडावा लागला. स्टील प्रत्यक्षात बांधलेलं असताना ते सोडावं लागणं मला आजही सलतं.

आपल्या क्षेत्रात हे वारंवार होतं, कारण ड्रॉइंगचे संच जड असतात. जीमेलमध्ये जोडपत्रं २५ एमबीच्या वर गेली की ती आपोआप ड्राइव्हची लिंक होऊन जातात. आउटलुकवरूनही वनड्राइव्हमधली फाइल लिंक म्हणून पाठवता येते, आणि कंपनीने त्या कर्मचाऱ्याचं खातं काढून टाकलं की सेटिंग बदललेलं नसल्यास वनड्राइव्हमधल्या फाइली ३० दिवसच राखल्या जातात. मेल तुमच्याकडे असतो, फाइल मात्र शेवटपर्यंत पाठवणाऱ्याच्या ताब्यात असते.

लिंक मरण्याहून वाईट म्हणजे ती जिवंत राहणं. पाठवणाऱ्याने त्याच फाइलवर नवं रिव्हिजन सेव्ह केलं, की तुमच्या मार्चमधल्या मेलमधून जूनचं ड्रॉइंग उघडतं. काही बदललंय याची शंकाही येत नाही.

म्हणून लिंक आली की त्याच दिवशी फाइल उतरवा आणि मेलशेजारी ठेवा. मेलला उत्तर द्या: 'आर-२ मिळालं, फाइलचं नाव अमुक, पानं इतकी.' जमलं तर त्या उत्तराला उतरवलेली फाइलच जोडा. काय मिळालं आणि कधी मिळालं, दोन्हींची नोंद होते. तारीख महत्त्वाची आहे. १९९९ च्या फिडिक रेड बुकमध्ये (बांधकाम कराराचा आंतरराष्ट्रीय नमुना) कलम २०.१ प्रमाणे घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत दाव्याची नोटीस द्यावी लागते. तुमच्या करारातली मुदत आजच बघून ठेवा.

मेल पीडीएफ करून ठेवणं हा आळशी शॉर्टकट आहे. मेल कोणत्या सर्व्हरवरून, कधी आला, हे सांगणारं हेडर त्यात राहत नाही. मूळ मेल ठेवा: क्लासिक आउटलुकमधून एमएसजी (.msg) फाइल, जीमेलमधून ईएमएल (.eml). १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा कोड) द्यावी लागते. लवादापुढे पुरावा कायद्याचं बंधन तसंच्या तसं नसतं, पण तुमचं प्रकरण कुठवर जाईल हे आज कोण सांगणार?

फाइलच्या नावात आधी तारीख, वर्षापासून: '२०२४-०३-१४ आवक कॉलम ड्रॉइंग आर-२'. डिस्कवर दिसणारी तारीख बऱ्याचदा सेव्ह केल्याची असते, तिच्यावर विसंबू नका. नावं आटोपशीर ठेवा, कारण फोल्डरात फोल्डर करत विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली की फाइली कॉपी होताना अडतात.

आणि ऑफिसचे मेल 'सेफ्टीसाठी' स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवू नका. कोणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी नाही. यात नोकरी जाऊ शकते.

हे सगळं वाचून जुन्या इनबॉक्सची धास्ती घेऊ नका. तो पूर्ण लावायची गरज नाही. ज्या मुद्द्यांचं बिल अजून अडकलंय तेवढेच घ्या, त्यातही लिंक असलेले मेल आधी. आज उघडणाऱ्या लिंकवरच्या फाइली आज उतरवून घ्या. न उघडणाऱ्यांची यादी करून कन्सल्टंटला मेल टाका. प्रकल्प चालू आहे तोवर ते सहसा परत पाठवतात.