कडक संपादकाकडून पहिली कथा परत आली की

दिवाळी अंकाला पाठवलेली कथा खुणांनी भरून परत आली, तर घाबरू नकोस. नको असलेल्या कथेवर संपादक इतका वेळ घालवत नाही, दोन ओळींत नकार कळवून मोकळा होतो. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन जाणत्या लेखकांकडूनही कथा पुन्हा लिहून घेत.

त्या दिवशी फोन करायचा नाही. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढ आणि पेन्सिलीने खुणांचे तीन गट पाड: रचना, वाक्यं, शुद्धलेखन. सुरुवात रचनेपासूनच. बहुतेक जणी आधी वेलांट्या-उकार दुरुस्त करत बसतात, कारण ते सोपं; आणि नीट केलेलं ते पान शेवटी उडतं.

उडतं ते बहुधा पहिलंच. पहाट, खिडकी, चहाचा कप, आणि खरी कथा दुसऱ्या पानावर! ते पान काढून उरलेली कथा मैत्रिणीला वाचायला दे. तिला जिथे अडेल तेवढंच पुढे एका वाक्यात घाल.

वाक्यांच्या गटात ‘अचानक’, ‘खूप’, ‘जणू’ सापडतीलच. पण मोठा रोग वेगळा: भावनेचं नाव सांगून टाकणं. ‘तिला आईची खूप आठवण आली आणि डोळे भरून आले’ यापुढे समासात ‘बरं, मग?’ असं लिहिलेलं असेल. टोमणा झोंबतो, पण प्रश्न रास्त आहे. ‘तिने डबा उघडला. लोणच्याची फोड तिने स्वतःच पोळीच्या घडीत ठेवली होती, आईसारखी.’ इथे आठवण हा शब्दच लागत नाही.

प्रत्येक खूण मान्य करायची नसते. नायिका कोल्हापूरची असेल आणि तिच्या तोंडचं ‘मी आलो’ खोडून ‘मी आले’ केलं असेल, तर लिही: ‘सर, तिकडच्या बायका असंच बोलतात, संवादात ठेवते, निवेदनात प्रमाण रूप करते.’ कारण दिलंस की कडक संपादकही ऐकतो. नुसतं ‘मला असंच आवडतं’ म्हणालीस तर नाही. निवेदनात मात्र ‘केले’ आणि ‘केलं’ यांची सरमिसळ नको, एक काहीतरी धर.

‘हे तुझ्याच घरातलं का गं?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. ‘कथेत कुठे खटकतंय ते सांगा’ म्हणायचं आणि चर्चा ईमेलवरच ठेवायची.

शुद्धलेखन शेवटी. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. तेवढं शोधून बदल. आठ-दहा दिवसांत फाइल परत पाठव, नावात तारीख घाल, आणि कोणती खूण घेतली, कोणती का नाही, हे अर्ध्या पानात सोबत जोड. न सांगता केलेला बदल संपादकाला सर्वांत जास्त खटकतो, कारण मग त्याला सगळी कथा पहिल्यापासून ताडून बघावी लागते.