काळा गोळा धूसरच राहू द्या

रविवारी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर नवी मुलं येतात, तेव्हा मी त्यांच्या हातापेक्षा डोळ्यांकडे जास्त बघते. हात तर सगळ्यांचाच हलतो. एअर पिस्तूल साधारण एक किलोचं, ते एकाच हातानं आणि मनगटाला कसलाही आधार न देता धरायचं; हलणार नाही तर काय होईल? २०२४ साली पॅरिसला याच प्रकारात कांस्यपदक घेणाऱ्या मनू भाकरचा हातही अगदी दगडासारखा नसतो. पण नवखा माणूस हात थांबवायच्या नादात लक्ष्याच्या कार्डावरच्या काळ्या गोळ्याकडे टक लावून बसतो, आणि गुण तिथंच जातात.

हिशेब करून बघा. दहा मीटरवरच्या कार्डावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. तिथून पुढं ८ मिलिमीटर बाहेर सरकलं की एक गुण कमी. फ्रंट साइट (नळीच्या टोकाचा नेमाचा खुंट) आणि रिअर साइट (मागची खाच, जिच्यातून तो खुंट बघायचा) यांच्यात साधारण ३६ सेंटिमीटर अंतर धरू. दोन्ही साइट एका रेषेत ठेवून पिस्तूल अख्खंच ५ मिलिमीटर बाजूला गेलं, तर छर्राही ५ मिलिमीटरच बाजूला लागतो. पण मनगट किंचित वळून फ्रंट साइट खाचेत १ मिलिमीटर डावीकडे गेली, तर कार्डावर त्या १ मिलिमीटरचे जवळपास २८ होतात. म्हणजे साडेतीन गुणांच्या आसपास.

म्हणून नजर फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर. ती कड लख्ख दिसली पाहिजे, तिच्या दोन्ही बाजूंना खाचेत सारखा उजेड दिसला पाहिजे, वरच्या कडा एका पातळीत हव्यात. काळा गोळा धूसर दिसेल, आणि तसाच दिसायला हवा. नेम गोळ्याच्या मध्यावर धरू नका. गोळ्याच्या खाली, पांढऱ्या भागात धरा. काळ्यावर काळी साइट दिसत नाही. दुसरा डोळा मिटू नका, चेहरा आखडतो. त्या डोळ्यापुढं पट्टी लावा. नियमानं ती ३० मिलिमीटरपर्यंत रुंद चालते.

आता ट्रिगर. स्पर्धेच्या नियमानुसार त्याचं वजन किमान ५०० ग्रॅम. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग ठेवा आणि सरळ मागे दाब वाढवत न्या. साइट गोळ्याखाली डोलत असतानाच दाब वाढत राहिला पाहिजे. ‘आत्ता मस्त दिसतंय, मारतो’ असं मनात आलं की बोट झटका देतं आणि उजव्या हातानं मारणाऱ्याचा छर्रा खाली डावीकडे जातो. असे छर्रे दिसू लागले की साइटचे स्क्रू फिरवू नका, ट्रिगरवर काम करा. शॉट सुटल्यावरही क्षण-दोन क्षण साइट बघत राहा.

उभं राहण्याचं फार अवडंबर नको. पाय खांद्याइतके लांब, रिकामा हात खिशात, कोपर आणि मनगट ताठ. एक गोष्ट मात्र दर वेळी तपासा: डोळे मिटून हात वर उचला, सैल व्हा, डोळे उघडा. पिस्तूल कार्डाच्या डावी-उजवीकडे गेलं असेल तर हात ओढून आणू नका, मागचा पाय सरकवून सगळं अंग वळवा. श्वास निम्मा सोडून थांबलात की पुरे.

आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर पिस्तूल खाली ठेवा. हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगते आणि मुलं सगळ्यात कमी ऐकतात. स्पर्धेत ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, घाई कसली? लांबलेला शॉट थकलेल्या डोळ्यानं आणि दुखऱ्या खांद्यानं मारला जातो.

घरी सराव करायचा तर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ड्राय फायर करा, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर ओढा. नळीत छर्रा नाही हे आधी स्वतः बघा, आणि पिस्तुलाला ड्राय फायरची सोय असेल तरच. भिंतीवर गोळा काढू नका. लक्ष्यच नसलं की डोळा आपसूक साइटवर राहतो. ट्रिगर सुटताना साइट जागची हलली का, एवढंच बघायचं. माझ्या मुलांमध्ये जे रोज वीस मिनिटं हे करतात, त्यांचे ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या छिद्रांचे पुंजके, महिन्याभरात आवळलेले मी पाहिलेत.

रेंजवर एकाच कार्डावर दहा शॉट मारा आणि गुण मोजायच्या आधी छिद्रं किती जवळ आहेत ते बघा. ग्रुप जवळ आणि गोल असला, पण मध्यापासून दूर, तरच साइट फिरवा: रिअर साइट उजवीकडे नेली की छर्रे उजवीकडे जातात, वर नेली की वर. साइटच्या स्क्रूचे दोन-तीन क्लिक, पुन्हा पाच शॉट, मग पुढचं. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा जेवणाचा डबा उघडायच्या आधी हात धुऊन या.