न्यू फॉरेस्टमधील दिवसभराच्या पायी भटकंतीचे नियोजन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचे न्यू फॉरेस्ट हे हीदरच्या झुडपांनी झाकलेली माळराने आणि ओक व बीच या वृक्षांची जुनी वने यांचे मिळून बनले आहे, आणि लंडन किंवा साउदॅम्प्टन भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना ते एका दिवसात पाहून येण्यासारखे आहे. सह्याद्रीत चालून सरावलेला माणूस नकाशा पाहून या प्रदेशाला हमखास कमी लेखतो, कारण येथील सर्वांत उंच जागादेखील समुद्रसपाटीपासून जेमतेम 130 मीटरच्या आसपास आहे. मात्र सह्याद्रीत चढ दमवत असला तरी समोरचा गड दिशा सांगत राहतो. येथे एक उंचवटा दुसऱ्यासारखाच दिसतो आणि दोन उंचवट्यांच्या मधल्या सखल भागात बहुधा दलदल असते. म्हणून नियोजनात चढापेक्षा दिशा आणि ओल यांचा विचार आधी करावा.

पहिल्या खेपेस ब्रॉकनहर्स्ट स्थानकापासून निघून तेथेच परत येणारी वाट निवडावी. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून थेट गाडीने येथे दीड-पावणेदोन तासांत पोहोचता येते. गावाच्या पश्चिमेस ओबर वॉटर या ओढ्याच्या कडेकडेने माळावरून राइनफील्ड गाठावे, तेथून एकोणिसाव्या शतकात लावलेल्या उंच डग्लस फर आणि रेडवुड वृक्षांमधून उत्तरेस नाइटवुड ओक या प्राचीन वृक्षापर्यंत जावे, पुढे हरणांसाठी प्रसिद्ध असलेल्या बोल्डरवुडला वळसा घालून बँक या लहानशा गावी उतरावे आणि दाट वनातून दक्षिणेस ब्रॉकनहर्स्टला परतावे. हे अंतर वाट कशी निवडली त्यानुसार साधारण 20 ते 22 किलोमीटर भरते. वाटेत ए35 हा वर्दळीचा रस्ता दोनदा ओलांडावा लागतो. बँकला पोहोचेपर्यंत पाय दुखू लागले असतील, तर जवळच्या लिंडहर्स्ट गावी जाऊन ब्रॉकनहर्स्टची बस पकडता येते. तिचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला नियम आजही उपयोगी पडतो: दर 5 किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. या हिशेबाने 22 किलोमीटरला साडेचार-पावणेपाच तास पुरतात, परंतु ओली जमीन, नकाशा पाहण्यासाठीचे थांबे आणि जेवण धरून सात तासांची तजवीज करावी, हे माझे मत आहे. हिशेब नेहमी सूर्यास्तापासून मागे करावा. जूनच्या अखेरीस येथे रात्री नऊनंतरही उजेड असतो, तर डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे हिवाळ्यात ही पूर्ण फेरी नवख्यांनी करू नये.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा 1:25,000 प्रमाणाचा ओएल22 हा नकाशा आणि होकायंत्र सोबत असावे. फोनवरील नकाशा घरीच उतरवून घ्यावा, कारण वनात सर्वत्र संपर्क मिळेलच असे नाही. खरी फसगत करतात त्या तट्टांच्या वाटा. येथील हजारो तट्टे वनात चराईचा हक्क असलेल्या स्थानिक हक्कदारांच्या मालकीची असून ती मोकळी चरतात, आणि त्यांच्या खुरांनी पडलेल्या, वीतभर रुंदीच्या, खोलगट वाटा माणसाच्या पायवाटेइतक्याच ठसठशीत दिसतात. अशी वाट बराच वेळ हव्या त्या दिशेने जाते आणि मग एखाद्या पाणथळीपाशी किंवा गॉर्सच्या काटेरी जाळीत संपते. म्हणून दर फाट्यावर दिशा ताडून पाहावी. खडीच्या रस्त्यांवर सायकलस्वारांसाठी क्रमांक घातलेले लाकडी खांब आहेत. तेच क्रमांक सायकलमार्गांच्या नकाशात असतात, त्यामुळे पायी चालणाऱ्यालाही आपली जागा नक्की करता येते.

दलदल ओळखणे अवघड नाही. भोवतालचे गवत करड्या रंगाचे असताना मध्येच पोपटी, गुबगुबीत शेवाळ आणि त्यावर कापसासारखे पांढरे तुरे दिसले, तर तेथे पाऊल टाकू नये. अंतर वाचवण्यासाठी सखल भाग सरळ ओलांडण्याचा मोह टाळावा आणि नकाशावरील पादचारी पूल गाठूनच पलीकडे जावे, मग अर्धा किलोमीटर जास्त पडला तरी चालेल.

हीदर ऑगस्टमध्ये ऐन बहरात असते आणि माळ जांभळा होतो, परंतु त्याच सुमारास नेच्यांची झुडपे छातीभर वाढून अरुंद वाटा झाकून टाकतात. शरद ऋतूत डुकरांना ओकची फळे खाण्यासाठी वनात सोडतात, कारण ही फळे तट्टांना विषारी ठरतात. पिलांसह असलेल्या डुकरिणीपासून लांबूनच जावे. तट्टांना खाऊ घालण्यास आणि वनात चूल अथवा शेगडी पेटवण्यास मनाई आहे, तेव्हा दशम्या, ठेपले, चटणी असा कोरडा डबाच बरा. पाणी प्रत्येकी दोन लिटर घरूनच न्यावे. ओढ्यांत जनावरे उतरतात, म्हणून ते पाणी पिऊ नये.

घोट्यावर येणारे जलरोधक बूट, जादा मोजे, पावसाळी जाकीट आणि बॅटरी यांबरोबर गोचीड काढण्याचा लहान चिमटा अवश्य घ्यावा. येथील गोचिडींच्या चाव्यातून लाइम रोग हा जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून लांब विजार मोज्यांत खोचावी आणि घरी पोहोचल्यावर गुडघ्यांची मागची बाजू, जांघा, काखा व केसांची कड नीट तपासावी. गोचीड आढळल्यास त्वचेला अगदी लागून पकडून सरळ वर ओढावी. तेल किंवा काडेपेटीचे उपाय करू नयेत. पुढील काही आठवड्यांत चावलेल्या जागेभोवती पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा तापासारखे वाटू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे आणि आपण न्यू फॉरेस्टमध्ये चालून आल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.